लाल मूठ

आमच्या घरी यायचं तर दोरी ओढावी लागे. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं, त्यातून सुताची जाड दोरी बाहेर लोंबत असे आणि तिच्या टोकाला एक जुना लाकडी भोवरा बांधलेला होता. भोवरा ओढला की आत सायकलची घंटा वाजायची. वीज गेली तरी वाजते, असं बाबा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या नेनेकाकांनी एकदा विचारलं होतं, "सर, पण वीज गेल्यावर तुमच्याकडे येतं कोण?" बाबा शांतपणे म्हणाले, "तुम्हीच येता. मेणबत्ती मागायला." कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांवर माया करायची ती अशीच, टोमणे मारून.

बाबा एका तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचे, म्हणून सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणे. आई सोडून. आई त्यांना 'अहो' म्हणायची, आणि त्या एका शब्दाचे तिच्याकडे किती सूर होते! चहा झालाय हे सांगणारा वेगळा, पाहुण्यांसमोर आता पुरे हे सांगणारा वेगळा, आणि लाडातला एक अगदीच वेगळा, जो आम्हाला ऐकू येत नाही असा तिचा समज होता. बाबा गॅलरीत कानस घासत असले, कितीही रंगात आलेले असले, तरी त्या 'अहो'ला त्यांची मान वळायचीच. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण बाबांच्या युक्त्यांनी ते गच्च भरलेलं होतं. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांड्या कप्पीवर टांगलेल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. ओल्या चादरींनी लादलेली दांडी मी लहानपणी एका बोटाने छताला नेऊन लावत असे. थालीपिठाला भोकं पाडताना आईचं बोट भाजतं म्हणून त्यांनी शिसवी लाकडाचा एक पंजा केला होता. आई पाहुण्यांसमोर तो पंजा वापरायची आणि पाहुणे गेले की बोट. पण त्यांची मला सगळ्यांत आवडणारी युक्ती म्हणजे दुधाचं घुंगरू. पातेल्याच्या काठाला अडकवायची पत्र्याची हलकी चकती, तिला एक घुंगरू. दूध वर आलं की फेस त्या चकतीला उचलायचा आणि घुंगरू थरथरायला लागायचं. आमच्या घरातली सकाळ घुंगराच्या आवाजानेच व्हायची. अजूनही कुठे नाचाचा कार्यक्रम असला आणि पाय थिरकायला लागले की माझा हात उगाच गॅस बारीक करायला पुढे होतो.

वर्कशॉपमधलं बाबांचं एक वाक्य होतं: डोकं विसरतं, हात विसरत नाही. मुलांना एकच सांधा इतक्या वेळा करायला लावायचे की मुलं रडकुंडीला यायची, आणि मग म्हणायचे, आता झोपेतही जमेल. तास संपला की त्यांची एक ललकारी ठरलेली असे. "तास संपला! मशीन बंद. हत्यारं जागेवर. पुढची तुकडी आत." ही ललकारी वर्षानुवर्षं रोज देऊन देऊन ती त्यांच्या अंगातच मुरली होती, त्यामुळे घरीसुद्धा तीच चालायची. माझा अभ्यास आटपला की तास संपला. जेवणं झाली की तास संपला. आई ओटा पुसत असली की मागून यायचे, गॅसकडे बोट दाखवून "मशीन बंद", सांडशी खिळ्याला अडकवून "हत्यारं जागेवर", आणि मग दुसऱ्या पंगतीतल्या आत्याला, आजोबांना हाक मारायची ती "पुढची तुकडी आत" अशी. आई म्हणायची, "माझं स्वयंपाकघर आहे, लेथ मशीन नाही." पण हसायची.

मग युक्त्यांची जातच बदलली. तेव्हा ते आमच्या लक्षात आलं नाही. बाबांचं काहीतरी नवीन, एवढंच वाटलं. आधी दारामागे एक लाकडी तबकडी आली, तिच्यावर सातही वार कोरलेले, आणि मध्ये पितळी काटा. रोज सकाळी दात घासून झाले की बाबा काटा एक घर पुढे सरकवायचे. "आज बुधवार," असं मोठ्याने म्हणायचे. मी म्हणायची, "बाबा, शाळेत मुलांना लावतात तसं काय लावलंय?" ते म्हणायचे, "तुझ्यासाठीच लावलंय, तुला सोमवार आवडत नाही ना, म्हणून उडी मारायची सोय." त्यानंतर चपलांचा स्टँड आला. त्यात त्यांची चप्पल एका आकड्यात अडकलेली असायची, आणि तो आकडा म्हणजेच घराच्या कुलपाची किल्ली. किल्ली हातात घेतल्याशिवाय चप्पल निघायची नाही. किती हुशारीचं होतं ते! शेजारचे येऊन बघून जायचे. नेनेकाका म्हणाले, "आता फक्त छत्रीला पँट बांधा सर, म्हणजे पावसात तीही विसरायला नको." सगळे हसले, बाबाही हसले. हसताना त्यांनी आईकडे पाहिलं, आणि आई तेवढी हसत नव्हती.

गेल्या वाढदिवसाला माझ्या लेकीनं, ईशानं, मला एक छोटी पांढरी टिकली आणून दिली. ती किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची, आणि किल्ल्या सापडेनाशा झाल्या की फोनवर बोट ठेवायचं. कुठूनतरी सोफ्याच्या फटीतून ती टिकली चिवचिवते. "आई, सगळे वापरतात गं, माझ्या अख्ख्या टीमकडे आहे, नॉट अ बिग डील," ईशा म्हणाली. बाबांनी तो चपलांचा स्टँड केला तेव्हा त्यांचं जे वय होतं, ते मला त्या दिवशी पूर्ण झालं होतं. मी तिला छान आहे म्हटलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. हे प्रकरण मी आता लिहायला घेतलं त्याचं कारण तेच आहे. पुढे लिहीन म्हणून ठेवायची माझी हिंमत होत नाही.

आईनं मला सांगितलं ते मेथी निवडताना. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, मध्ये जुडी सोडलेली, मी पानं खुडत होते. ती एकदम म्हणाली, "वसू, ते वार तुझ्यासाठी नाही लावलेले. तो स्टँड पण नाही. ते सगळं स्वतःसाठी करताहेत." मी म्हटलं, म्हणजे काय? तिनं मान वर केली नाही. "त्यांना कळतंय गं काय होतंय ते. आपल्याला कळायच्या आत प्रत्येक भोक बुजवताहेत." मग तिनं सांगितलं की ती त्यांना एका डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, ते म्हणाले ताण असेल. दुसऱ्यांकडे नेलं, त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध नाही म्हणाले. बाबा तेव्हा पन्नाशीच्या जरासे पुढे होते. या वयात असं क्वचित होतं, असं ते डॉक्टर म्हणाले, जणू ती काही शाबासकीच होती. मी ऐकत होते आणि माझे हात मेथीची पानं टाकून देऊन काड्या पातेल्यात टाकत होते.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात. आईनं काय म्हणून करायचं बाकी ठेवलं नाही. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून द्यायची. ब्राह्मीचं तेल डोक्यात जिरवायची, इतकं की उशीचा अभ्रा हिरवा झाला. गुरुवार धरले. शनिवार पेठेतल्या तिच्या ऑफिसात कुणीतरी एका वैद्यांचं नाव सांगितलं, तर बस बदलत बदलत कात्रजला जाऊन काळसर गोळ्या घेऊन आली. मी बारावीत होते, कशातच मन लागत नव्हतं. मी पुस्तक उघडून नुसती बाबांकडे बघत बसायची, आज कालच्याइतकेच आहेत की थोडे कमी झालेत, असं मापत. शाळेनं त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. लेथवर मुलांचे हात असतात, त्यामुळे शाळेचंही बरोबरच होतं, पण बाबा सकाळी कपडे करून चप्पल-किल्लीपाशी जाऊन उभे राहायचे, तेव्हा त्यांना आज सुट्टी आहे असं सांगायचं काम माझ्याकडे असे. रोज सुट्टी कशी, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्याचंच मला जास्त भय वाटायचं.

एकदा ते गॅलरीत शेगड्याला लाकडाचा तुकडा लावून उभे होते. शेगडा म्हणजे लाकूड घट्ट धरून ठेवणारा त्यांचा वाइस, तो शब्द त्यांचाच. हातात कानस होती पण हात हलत नव्हता. मी म्हटलं, "बाबा, काय करताय?" त्यांनी त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओशाळं हसून म्हणाले, "मला माहीत नाही. पण थांब, हाताला माहीत असेल." आणि खरंच हात सुरू झाला, आधी चाचरत, मग सफाईनं. मी आत जाऊन आईच्या साडीत तोंड खुपसलं.

तो तुकडा म्हणजेच लाल मूठ. त्याच्या आधी काही दिवस आमच्याकडे एक पातेलं जळून कोळसा झालं होतं. बाबांनी चहा ठेवला आणि ते दार ओढून खाली फिरायला निघून गेले. परत आल्यावर त्यांनी ते पातेलं दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि गॅलरीत जाऊन कामाला लागले. माझ्या मते त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यांत हुशार वस्तू ती. शेगडीच्या मागे गॅसच्या नळीवर त्यांनी एक पितळी कॉक बसवला. तो फिरवायला एक वेगळी मूठ लागायची, लाकडाची, लाल रंगवलेली, पुढे चौकोनी टोक. कॉक चालू असेल तोवर मूठ त्यात अडकून राही. पूर्ण बंद केला तरच ती हातात निघून येई. आणि घराच्या दाराला त्यांनी आतून एक जाड अडसर बसवला. तो सरकवायला दुसरं काहीच नव्हतं, फक्त तसंच एक चौकोनी भोक. म्हणजे बाहेर पडायचं तर मूठ हवी, आणि मूठ हवी तर गॅस बंद करायलाच हवा. जुनी कडी त्यांनी काढून टाकली. घर रिकामं असलं की बाहेरून साधं कुलूप, आत माणूस असलं की अडसर. गॅस चालू ठेवून या घरातून कुणी बाहेर जाऊच शकणार नाही, असं त्यांनी आम्हाला समोर उभं करून, वर्कशॉपमधल्यासारखं दोनदा करून दाखवलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की आई नुसती बरं म्हणाली.

मग तिचे हाल सुरू झाले. तव्यावर पोळी आणि दोरी ओढली कुणी तर आधी गॅस बंद, मूठ काढा, दाराशी जा, अडसर सरकवा, पाहुण्याला आत घ्या, परत येऊन गॅस लावा. भेंडी कच्ची राहायची, पोळी वातड व्हायची. आठवडाभरानं तिनं विचारलं, "अहो, दारासाठी दुसरी मूठ नाही का करता येणार?" बाबा म्हणाले, "दोन मुठी झाल्या की युक्तीच मेली." आणि ते खरंच होतं. नेनेकाकांनी मात्र ती मूठ हातात घेऊन, उलटीसुलटी करून, आपल्या तिरकस आवाजात विचारलं होतं, "सर, बाहेर जाणाऱ्याचा विचार उत्तम केलात. आत येणाऱ्याचं काय?" बाबा म्हणाले, "आतला उघडेल की." तेवढ्यावर तो विषय संपला.

आई ऑफिसातून यायच्या आधी दुपारचा थोडा वेळ बाबा एकटे असायचे, मी क्लासहून परत येईपर्यंत. तेवढं चालत होतं. त्या दिवशी मी जिना चढत होते आणि वरून घुंगराचा आवाज यायला लागला. बाबांनी दूध ठेवलंय, इतकंच मनात आलं, बरंही वाटलं. पहिल्या मजल्यापर्यंत घुंगरू वाजतच होतं. कुणी उचलत कसं नाही, असं वाटून मी दोन-दोन पायऱ्या चढायला लागले, आणि मी दारापाशी पोचायच्या आत ते थांबलं. मी भोवरा ओढला. आत सायकलची घंटा वाजली. कुणी आलं नाही. पुन्हा ओढला. मग मला वास आला. दाराच्या खालच्या फटीतून, पायांशी, गॅसचा वास. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच येत होता.

"बाबा!" मी दारावर थापा मारल्या. "बाबा, दार उघडा! गॅस बंद करा!"

पावलं वाजली. सावकाश दारापर्यंत आली, थांबली. "कोण पाहिजे आपल्याला?"

माझ्या वडिलांनी मला 'आपण' म्हटलं होतं. शेजारपाजारच्या कुणालाही म्हणावं तसं, मऊ, अदबीनं. "बाबा, मी वसू!"

"वसू क्लासला गेली आहे," ते म्हणाले. "आणि सर पण घरी नाहीत. आपण संध्याकाळी या."

"बाबा, मीच वसू. गॅस! मूठ फिरवा आधी, मूठ!"

"अहो बाई, हळू बोला जरा. इथे लोक राहतात."

मी किंचाळले असेन, कारण नेनेकाका धावत वर आले. दारातच त्यांना वास आला. त्यांनी खांदा लावून पाहिला, पण बाबांनी अडसराच्या मागे पोलादी पट्टी बसवली होती, दार तसूभर हललं नाही. "पहार आणतो," काका म्हणाले. मी त्यांचा हात धरला. लोखंडावर लोखंड आपटलं आणि ठिणगी उडाली तर? हे मला बाबांनीच शिकवलं होतं. काका पांढरेफटक पडले. "खालचा मेन स्विच काढतो," म्हणाले, "आतलं एकही बटण दाबलं जायला नको," आणि जिना उतरत ओरडत गेले की सगळ्यांनी खाली या, अंगणात जा. स्वयंपाकघराची खिडकी कबुतरांमुळे कायम बंद असायची. मी एकटी दाराशी राहिले. आतून बाबांचा आवाज आला, स्वतःशी बोलल्यासारखा, "विझला वाटतं गॅस. पुन्हा लावतो. लायटर कुठे असतो इथे कुणास ठाऊक."

लायटर ओट्याच्या वर खिळ्याला होता. सांडशीच्या शेजारी. तिथे उभं राहिलं की हातापासून वीतभर. बाबांनीच तो खिळा ठोकला होता, हत्यारं जागेवर म्हणून. मला आठवतं, मी दाराला कपाळ लावून उभी होते आणि माझ्या तोंडून नुसतं "बाबा, बाबा" येत होतं, आणि प्रत्येक 'बाबा'बरोबर मला कळत होतं की हा शब्द आत कुणापर्यंत पोचतच नाहीये. देवाचं नाव घेतलं नाही, आईला हाक मारली नाही. काहीच सुचत नव्हतं. आत एका भांड्याला हात लागल्याचा आवाज झाला, मग ओट्यावर काहीतरी सरकलं. ते शोधत होते. इतकी हतबल मी त्याआधी कधी नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही, आणि त्यानंतर मी पुष्कळ काही पाहिलं आहे.

कसं सुचलं ते मला आजही सांगता येत नाही. मी सरळ उभी राहिले, घसा साफ केला आणि वर्गातल्या मॉनिटरच्या आवाजात म्हटलं, "सर! तास संपला."

आतला आवाज थांबला.

"सर, तास संपला. मशीन बंद."

मग बाबांचा आवाज आला, पण तो मघाचा नव्हता. खणखणीत, थोडा चिडका, लेथच्या घरघरीवरून पलीकडे पोचावा असा. "मशीन बंद!" आणि त्याच्या पाठोपाठ मला ऐकू आलं ते पितळेचं फिरणं, कॉकचा तो घट्ट, तेल घातलेला आवाज.

"हत्यारं जागेवर, सर," मी म्हटलं. मुठीची जागा कुठली? गॅस बंद असला की तिची जागा दारातली. ती जागा त्यांच्या हाताला ठाऊक असेल का?

"हत्यारं जागेवर." पावलं आली. चौकोनी टोक भोकात बसल्याचा आवाज झाला. पण अडसर हलला नाही. ते दारापलीकडे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि पुढे काय करायचं ते हाताला सांगणारं कुणी नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "पुढची तुकडी आली आहे."

अडसर सरकला. दार उघडलं. गॅसचा लोट अंगावर आला आणि त्यात माझे बाबा उभे, शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत नीट लावलेली, लाल मुठीवर हात. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. ओळखीचं काहीही त्यांच्या डोळ्यांत नव्हतं, पण राग नव्हता, परकेपणाही नव्हता. नवीन मुलांकडे पाहायचे तसं ते पाहात होते.

"या," म्हणाले. "पट्टी-पेन्सिल आणलीये ना?"

"हो सर," मी म्हटलं, आणि त्यांच्या बाजूनं आत धावले, खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला, आणि मग त्यांना हाताला धरून जिन्यात आणून बसवलं. तिथे ते शांत बसून राहिले. मी त्यांच्या पायांशी बसून हुंदके देत होते आणि ते माझ्या डोक्यावर थोपटत म्हणत होते, "पहिल्या दिवशी होतं असं. हात बसला की येतं."

आई आली तेव्हा नेनेकाकांनी तिला खालीच सगळं सांगितलं होतं. ती पर्स हातात घेऊनच जिना चढली. बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो." बाबा समोरच्या भिंतीकडे पाहात होते. ती पुन्हा म्हणाली, "अहो." मग तिसऱ्यांदा, तो लाडातला सूर लावून, नेनेकाकांसमोर, माझ्यासमोर. मान वळली नाही. मी म्हटलं, "आई, सर म्हण." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला काहीतरी घाणेरडं करायला सांगितलं होतं. "मी म्हणायचं? सर?" ती म्हणाली. "मी त्यांची विद्यार्थिनी नाही."

बरेच दिवस तिनं म्हटलं नाही. अहो, अहो करत त्यांच्या मागून फिरायची, दंडाला धरून उठवायची, आणि ते घाबरून दंड सोडवून घ्यायचे. सुतारानं अडसर काढून नेला, जुनी कडी परत आली, आणि आईनं लाल मूठ कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. मग एका संध्याकाळी जेवण कधीच संपलं होतं, आमटी बाबांच्या बोटांवर वाळून चालली होती आणि ते पानावरून उठायला तयार नव्हते. आई ओट्याशी उभी होती. आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "सर, तास संपला." बाबा लगेच उठले. ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, आणि जाता जाता तिला म्हणाले, "धन्यवाद बाई." आई तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून ते जाईपर्यंत ती त्यांना सरच म्हणाली, आणि 'अहो' हा शब्द आमच्या घरातून कायमचा गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण त्यानं नेमकं काय काय नेलं ते मला तेव्हा कळलं.

ती मूठ आता माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. रंग बोटांच्या जागी उडालाय. मला अजून काही झालेलं नाही. कदाचित होणारही नाही. पण कुठलंसं नाव जिभेच्या टोकावर येऊन अडलं, दूध ठेवून फोन घ्यायला गेले, की मग दिवसभर मी स्वतःलाच मापत राहते. म्हणून रोज जेवणं आटपली की मी ओट्याशी उभी राहते, गॅसवर हात ठेवते आणि मोठ्यानं म्हणते: तास संपला, मशीन बंद, हत्यारं जागेवर. मग दारापाशी जाते, कडी काढून दार उघडते, म्हणते पुढची तुकडी आत, आणि रिकाम्या जिन्याकडे पाहून दार लावून घेते. समोरच्यांना मी विक्षिप्त वाटत असणार. वाटू दे. हाताला पाठ व्हायला हवं, आणि त्याला वेळ लागतो.

ईशाला हे सगळं सहन होत नाही. "आई, प्लीज, असं काही होणार नाहीये," ती म्हणते. मी म्हणते, नाही झालं तर उत्तमच, मग या म्हातारीची गंमत समज. पण ऐकून ठेव. कधी तू दारात उभी असशील, आई म्हणून हाका मारशील आणि मी आतून विचारीन की कोण पाहिजे आपल्याला. तेव्हा रडत बसू नकोस, त्यात वेळ जातो. नाव सांगू नकोस, नातं सांगू नकोस. नुसतं सांग की पुढची तुकडी आली आहे. मी दार उघडीन.